पीपीटी पडला म्हणजे चांदी संपली का?

सातरस्ता (धागाकर्ता)

मंडळी, एका गणितावरून आमच्या घरात वाद पेटलाय. म्हटलं इथे टाकावं, इथे रसायनवाले बरेच आहेत.

भाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, इथेच सोलापुरात. अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला: ०.१० मोलर (लिटरला ०.१० मोल) सिल्व्हर नायट्रेटचं ५० मिली द्रावण, त्यात ०.२० मोलर सोडियम क्लोराइड ३० मिली ओतलं. पीपीटी (प्रेसिपिटेट, म्हणजे तळाशी बसणारा न विरघळणारा साका) किती ग्रॅम पडेल आणि वरच्या द्रावणात कुठला आयन किती मोलर उरेल?

पोरीनं सगळं नीट केलंय. सिल्व्हर ०.००५० मोल, क्लोराइड ०.००६० मोल. चांदी कमी, म्हणजे लिमिटिंग तीच. सिल्व्हर क्लोराइडचं मोलर वस्तुमान १४३.३२, त्यामुळे पीपीटी ०.७१६६ ग्रॅम. क्लोराइड उरलं ०.००१० मोल, त्याला एकूण ८० मिलीनं भागलं की ०.०१२५ मोलर. (अर्धा वर्ग इथे ३० नं भागतो, हिनं नाही भागलं.) सोडियम ०.०७५, नायट्रेट ०.०६२५. धनभार एकीकडे, ऋणभार दुसरीकडे मांडला तर ०.०७५ बरोबर ०.०६२५ अधिक ०.०१२५, चोख जुळतं. आणि सिल्व्हर आयनापुढे लिहिलं: शून्य.

त्या शून्याला लाल गोल, बाजूला 'केएसपी?' आणि मार्क कापले. (केएसपी म्हणजे विद्राव्यता गुणाकार: पीपीटीवरच्या द्रावणात उरलेल्या त्याच्या आयनांच्या मोलर आकड्यांचा ठरलेला गुणाकार.) दुसऱ्या तुकडीत हेच शून्य दुसऱ्या मास्तरांनी बरोबर धरलं. त्यामुळे आता भाची चिडलेली आणि ताई माझ्या डोक्यावर.

माझं मत सांगतो. मी अक्कलकोट रोडला पाणी-सांडपाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे बोलणं जरा लॅबच्या अंगानं होईल. सिल्व्हर क्लोराइडचा केएसपी १.८ × १०^-१० (इथे घात वर चढवता येत नाही, गोड मानून घ्या). वर क्लोराइड ०.०१२५ मोलर शिल्लक आहे, तर सिल्व्हर आयन १.८ × १०^-१० भागिले ०.०१२५, म्हणजे १.४४ × १०^-८ मोलर. कागदावर हे शून्य नाहीच, मास्तरांचा लाल गोल बरोबर. पण ८० मिलीत ही चांदी भरते साधारण ०.१२ मायक्रोग्रॅम. आमचा काटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. त्याच्या दृष्टीनं हे शून्यच.

मला खरी गंमत वाटते ती उलट्या बाजूची. कॉलेजात आयन दिलेला असतो आणि पीपीटी विचारतात. लॅबमध्ये पीपीटी हातात असतो आणि आयन किती होता ते सांगायचं असतं. समजा बेरियम क्लोराइडचं २५ मिली द्रावण आलं, सल्फेट जास्तीचं घालून पीपीटी पाडला, वाळवून-जाळून वजन ०.५८३५ ग्रॅम आलं. बेरियम सल्फेट २३३.३९. म्हणजे ०.००२५०० मोल, भागिले ०.०२५ लिटर, उत्तर ०.१००० मोलर. दोन ओळींचं काम. या दोन ओळी खऱ्या ठरायला एकच गोष्ट लागते: द्रावणात मागे जे राहिलं ते तुमच्या काट्याला दिसू नये इतकं कमी असलं पाहिजे. आणि ते किती राहिलं हे केएसपीच सांगतो. त्यामुळे 'शून्य' लिहायला माझी हरकत नाही, पण ते का लिहितोय हे पोरीला सांगता आलं पाहिजे. ताईला हे पटत नाही. तिचं म्हणणं, मार्क द्या, विषय संपवा.

तुम्हाला काय वाटतं?

---

कडकभाकरी

शून्याला शून्य मार्क. हिशेब चोख आहे की ओ.

---

ब्युरेटवाली

मी बारावीला शिकवते. आमच्याकडे असा प्रश्न आला तर 'पूर्ण अवक्षेपित झाले असे माना' हे वाक्य प्रश्नातच असतं. ते असेल तर शून्य बरोबर. नसेल आणि केएसपीची किंमतही दिलेली नसेल, तर मार्क कापणं मला पटत नाही. मुलीनं ती किंमत पाठ करायची होती का? प्रश्नपत्रिकेत केएसपी छापला होता का, ते आधी सांगा.

---

सातरस्ता

ब्युरेटवाली ताई, छापला होता. पानाच्या तळाशी, कॉन्स्टंट्सच्या यादीत.

---

ब्युरेटवाली

मग भाचीची बाजू जरा लंगडी आहे.

---

निवृत्त डेमॉन्स्ट्रेटर

मार्कांचं राहू द्या. धागाकर्त्यांनी बेरियमचं काढलं म्हणून लिहितो, त्यात आयुष्य गेलं आमचं.

केएसपी १.१ × १०^-१० आहे. साध्या पाण्यात बेरियम सल्फेट लिटरला सुमारे २.४ मिलिग्रॅम विरघळतं. बीकरमध्ये २०० मिली असेल आणि तुम्ही सल्फेट अगदी मोजून, बेरियमच्या बरोबरीनंच घातलंत, तर अर्धा मिलिग्रॅम पीपीटी द्रावणातच राहिला. आता सल्फेट थोडं जास्त घाला, शेवटी ०.०१ मोलर उरेल इतकं. मागे राहतो तो ०.०००५ मिलिग्रॅम. हजारपट फरक, नुसत्या चार थेंबांच्या उदारपणानं. पोरं विचारायची, सर, एक्सेस कशाला? उत्तर हेच.

पण खरी डोकेदुखी मागे राहिलेल्याची नसते हो. पीपीटी सोबत काय घेऊन आला, ती असते. नायट्रेट असलेल्या द्रावणात बेरियम सल्फेट पाडा, बेरियम नायट्रेट त्याच्या पोटात बसून येतं. कितीही धुवा, जात नाही, कारण ते वरून चिकटलेलं नाही, स्फटिकाच्या आत आहे. म्हणून आधी हायड्रोक्लोरिक घालून नायट्रिक उडवायचं.

आणि ओतायची पद्धत. द्रावण उकळीच्या जवळ, किंचित आम्लयुक्त. पातळ सल्फ्युरिक तेही गरम, ग्लास रॉडवरून थेंब थेंब, दुसऱ्या हातानं ढवळणं चालू. एकदम ओतलं की इतके बारीक कण पडतात की व्हॉटमन ४२ या बारीक फिल्टर पेपरमधूनही पांढरं पाणी खाली येतं. मग तेच गाळलेलं पुन्हा वर, पुन्हा खाली, संध्याकाळ होते. सावकाश ओतलं तर थोडेच कण जन्माला येतात आणि तेच वाढत जातात. नंतर वॉटर बाथवर झाकून ठेवायचं. बारीक कण विरघळतात, मोठ्यांवर जाऊन बसतात. आम्ही याला पीपीटी मुरवणं म्हणायचो, पुस्तकात डायजेशन आहे.

धुताना गरम पाणी थोडं थोडं. प्रत्येक वेळी गाळलेल्यातले दोन थेंब वॉचग्लासवर घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. गढूळ झालं नाही की थांबायचं. अति धुणाराही नापास, कारण धुण्याच्या पाण्यातही पीपीटी विरघळतोच.

जाळण्याबद्दल एक. पेपर क्रुसिबलमध्ये आधी हळूहळू काळा होऊ द्यायचा, ज्योत पेटू द्यायची नाही, हवा खेळती ठेवायची. घाई केली तर पेपरचा कार्बन सल्फेटचं सल्फाइड करतो आणि वजन कमी येतं. तसं झालंय वाटलं तर गार झाल्यावर सल्फ्युरिकचा एक थेंब घालून पुन्हा तापवायचं, ते परत सल्फेट होतं. मग डेसिकेटर, वजन, परत भट्टी, परत वजन. दोन वजनं जुळेपर्यंत.

---

कडकभाकरी

सर, एवढ्यात तर आमच्या ऑफिसात तीन सेक्शनची फाइल फिरून येते.

---

निवृत्त डेमॉन्स्ट्रेटर

आणि तरी वजन जुळत नाही, बरोबर?

---

एकवीसकॅरेट

सराफी घराण्यातला आहे, रसायन बीएस्सीपर्यंत. चांदीचं निघालं म्हणून राहवलं नाही.

गे-ल्यूसाक, ज्याचा वायूंचा नियम आपण शाळेत घोकतो, त्यानं १८३२ मध्ये चांदीचा कस काढायची ओली पद्धत छापली. त्याआधी टाकसाळीत चांदी शिशाबरोबर भट्टीत घालून कस काढायचे, त्यात थोडी चांदी जातच असे, म्हणून कस कमी दिसायचा. यानं काय केलं, चांदी नायट्रिकमध्ये विरघळवली आणि ठरावीक ताकदीचं मिठाचं पाणी घालत गेला. बाटली हलवायची, दह्याच्या कवडीसारखा पीपीटी खाली बसू द्यायचा, वरच्या नितळ पाण्यात आणखी थेंब. ढग आला की अजून चांदी आहे. ढग यायचा थांबला की झालं. वजन करायचंच नाही, किती मिठाचं पाणी गेलं तेवढं बघायचं.

आजही हॉलमार्किंगला चांदीचा कस टायट्रेशननं (असंच मोजून द्रावण घालत जाऊन) निघतो. फरक इतकाच की ढग बघायच्या ऐवजी इलेक्ट्रोड बघतो, आणि मिठाऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड वापरण्याची पद्धत आहे. सिल्व्हर ब्रोमाइड क्लोराइडपेक्षा कितीतरी कमी विरघळतं, त्यामुळे शेवट जास्त खणखणीत येतो.

भाचीला सांगा, 'चांदी संपली का' हा प्रश्न टाकसाळीत विचारून झालाय.

---

ब्युरेटवाली

वा, हे छान सांगितलंत.

यालाच जोडून आमच्या प्रॅक्टिकलचं मोहर टायट्रेशन. तिथे उलटं, मोजायचं क्लोराइड असतं आणि ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट. पिवळ्या क्रोमेटचे थेंब घालतो, विटकरी रंग आला की थांबतो. मुलं विचारतात की क्रोमेट आधीच का पडत नाही. आणि मला आवडणारा प्रश्न: क्रोमेट इतकंच का घालायचं?

हिशेब करून बघा. क्लोराइड आणि सिल्व्हर नेमके बरोबरीला आले की सिल्व्हर आयन असतो केएसपीचं वर्गमूळ, १.३४ × १०^-५ मोलर. सिल्व्हर क्रोमेटचा केएसपी १.१ × १०^-१२ धरा. क्रोमेट ०.००५ मोलर असेल तर ते पडायला सिल्व्हर लागतो १.१ × १०^-१२ भागिले ०.००५, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १.४८ × १०^-५. जवळजवळ तोच आकडा! क्रोमेट फार जास्त घातलं तर लाल रंग वेळेआधी येतो, फार कमी घातलं तर उशिरा. शिवाय पीएच ६.५ ते ९ च्या आसपास हवा. आम्ल झालं तर क्रोमेट डायक्रोमेटकडे वळतं, फार अल्कली झालं तर चांदीचा ऑक्साइड पडतो.

या टायट्रेशनमध्ये शेवटाला सिल्व्हर 'शून्य' नसतो, म्हणूनच शेवट दिसतो. भाचीला हे उदाहरण द्या, पटकन समजेल.

---

आयसीपी झिंदाबाद

सगळं वाचलं. मंडळी, २१ वं शतक सुरू होऊनही बराच काळ लोटला. आयसीपीत (धातू मोजायचं मशीन) नमुना टाका, मिनिटात वीस धातू मिळतात, पीपीबीपर्यंत (अब्जात एक भाग). हे जाळा, मुरवा, धुवा कशासाठी? नॉस्टॅल्जिया?

---

सातरस्ता

आयसीपी साहेब, आमच्याकडेही नमुने बाहेर आयसीपीला जातात, त्याला नाही म्हणतच नाही. शिसं पीपीबीत मोजायचं तर पीपीटीचा काही उपयोग नाही, ते काम मशीनचंच.

पण मशीन काय मोजतं? प्रकाशाची तीव्रता. त्या तीव्रतेला 'इतके मिलिग्रॅम' असं नाव द्यायला स्टँडर्ड द्रावण लागतं. त्या स्टँडर्डच्या बाटलीवरचा आकडा कुणीतरी, कुठेतरी, तोलून किंवा टायट्रेट करून ठरवलेला असतो. वजनी पद्धतीला प्राथमिक पद्धत म्हणतात ते यासाठी. तिला त्याच पदार्थाचं स्टँडर्ड लागत नाही, अणुभार आणि काटा पुरतो.

दुसरं असं की नमुना जाड असेल, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं लिटरला कित्येक ग्रॅम निकेल, तर आयसीपीसाठी तो हजारपट पातळ करावा लागतो. त्या पातळ करण्यातच एक-दोन टक्के कधी गेले कळत नाही. इथे वजनी पद्धत ०.१-०.२ टक्क्यात उत्तर देते.

---

चिंचोळी एमआयडीसी

निकेलचा विषय निघाला म्हणून. आम्ही रोजचं बाथचं निकेल ईडीटीए (धातूचा आयन पकडणारं रसायन) आणि म्युरेक्साइड (रंग बदलून शेवट दाखवणारं) वापरून टायट्रेशननंच काढतो, पण वाद झाला की डायमिथिल ग्लायऑक्झाइम. चुगायेव्हनं १९०५ मध्ये हे रिएजंट दाखवलं. अमोनियाकल द्रावणात गर्द लाल पीपीटी, ११०-१२० अंशाला वाळवायचा, जाळायचा नाही. वजन गुणिले ०.२०३१ म्हणजे निकेल. लोखंड असेल तर आधी टार्टारिक आम्ल घालून ते बांधून ठेवायचं, नाहीतर अमोनियानं फेरिक हायड्रॉक्साइडचा चिखल होतो.

एक सांभाळा. इथे 'जास्तीचं घाला, फायदाच' हा मघाचा नियम चालत नाही. रिएजंट अल्कोहोलमध्ये केलेलं असतं, पाण्यात ते स्वतःच नीट विरघळत नाही. फार घातलंत तर निकेलसोबत तेही खाली बसतं आणि वजन फुगतं. आणि हा पीपीटी बीकरच्या भिंतीवर वर वर चढतो. बीकर काठोकाठ भरून बसू नका.

---

कॉम्प्लेक्स माणूस

'जास्तीचं घाला' वरून मूळ गणिताकडे येतो. धागाकर्ते, तुमचं १.४४ × १०^-८ हे उत्तरही अर्धंच आहे.

मोकळा सिल्व्हर आयन तितकाच, मान्य. पण क्लोराइड जास्त असलं की सिल्व्हर क्लोराइडचा थोडा भाग न फुटता रेणू म्हणूनच विरघळलेला असतो, आणि थोडा आणखी एक क्लोराइड पकडून डायक्लोरो संकुल होतो, ऋणभारित. ०.०१२५ मोलर क्लोराइडमध्ये हे दोन्ही मिळून एकूण विरघळलेली चांदी ६ × १०^-७ मोलरच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्या आकड्याच्या जवळपास चाळीसपट!

क्लोराइड वाढवत नेलं तर आधी विद्राव्यता घटते, ०.००२-०.००४ मोलरच्या आसपास तळ गाठते आणि मग परत चढायला लागते. तीव्र हायड्रोक्लोरिकमध्ये तर सिल्व्हर क्लोराइड डोळ्यादेखत विरघळू लागतं. त्यामुळे परीक्षकांनाही अर्धाच मार्क द्यायला हवा :)

---

सातरस्ता

कॉम्प्लेक्स साहेब, मान्य. प्रश्नात 'सिल्व्हर आयन' विचारलाय, म्हणून मोकळ्या आयनाचाच आकडा दिला होता. पण चांदी किती मागे राहिली असं विचारलं तर तुमचाच आकडा. तरीही ८० मिलीत ५ मायक्रोग्रॅम. काटा अजूनही काही बोलत नाही.

---

जुळे सोलापूर

रसायनाचा माणूस नाही, पण इतिहास वाचतो. हे 'वर किती राहिलं' प्रकरण एका माणसानं इतकं मनावर घेतलं की त्याला नोबेल मिळालं. थिओडोर रिचर्ड्स, हार्वर्डचा. अणुभार अचूक ठरवल्याबद्दल रसायनाचं १९१४ चं नोबेल त्याचं.

त्याच्या कामात क्लोराइडं चांदीनं पाडणं हा मुख्य मार्ग होता. वरच्या नितळ दिसणाऱ्या पाण्यात डोळ्याला न दिसणारं सिल्व्हर क्लोराइड किती, हे मोजायला त्यानं नेफेलोमीटर बनवलं. गढूळपणावर प्रकाश टाकायचा, किती विखुरतो ते बघायचं. आणि याच प्रकारच्या कामातून १९१४ मध्ये त्यानं दाखवलं की युरेनियमच्या खनिजातून आलेलं शिसं साध्या शिशापेक्षा हलकं भरतं. एकाच मूलद्रव्याचे दोन अणुभार! समस्थानिकांच्या बाजूनं तो मोठा पुरावा ठरला. सगळं पीपीटी नीट धुण्यातून.

---

निवृत्त डेमॉन्स्ट्रेटर

जुळे सोलापूर, छान आठवण करून दिलीत. त्यात एक पुरवणी. सिल्व्हर क्लोराइड साध्या पाण्यानं धुवायचं नाही. मीठ निघून गेलं की एकत्र आलेले कण सुटे होतात आणि पेपरातून दुधासारखं पाणी उतरतं. पातळ नायट्रिकनं धुवायचं, वाळवताना ते उडून जातं. आणि उजेडापासून लपवून. खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलेल्यांचा पीपीटी जांभळा पडायचा आणि वर म्हणायचे, सर, रिएजंट खराब आहे.

सिल्व्हरचे उरलेले पीपीटी बेसिनमध्ये ओतू नका, एका बाटलीत जमवा. जस्त आणि पातळ आम्ल घातलं की चांदी परत मिळते. आमच्या कपाटात अशी बाटली असायची, तिला कुलूप होतं.

---

पूर्वभाग

धागा भारी चाललाय. आमचं घर चादरी-टॉवेलवालं, वडील डाईंगमध्ये. आम्हाला मोलर वगैरे कळायच्या आधी पाणी जड की हलकं ते कळत होतं.

सोलापुरात नळाला रोज पाणी कुठलं, काही दिवसांआड येतं. बाकी सगळं बोअरवर. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात सूत रंगवलं की काही रंग कॅल्शियमबरोबर बसतात, शेड मळकट येते, लडीवर ठिपके. म्हणून नवीन बोअर मारलं की वडील आधी बाटलीत पाणी घेऊन साबणाचं पाणी घालून हलवायचे. फेस किती उशिरा येतो यावर 'चालेल' किंवा 'नाही चालत बे' ठरायचं.

हे पण पीपीटीवालंच झालं ना? की मी उगाच घुसलो?

---

सातरस्ता

उगाच? अहो, तुमचे वडील अवक्षेपण टायट्रेशनच करत होते!

साबण म्हणजे स्टिअरेट वगैरेंचं सोडियम मीठ. पाण्यातला कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला पकडून न विरघळणारा चोथा करतो, बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो तोच. हे आयन आहेत तोवर साबण फुकट जातो, फेस नाही. आयन संपले की पुढचा थेंब फेस देतो. थॉमस क्लार्क नावाच्या स्कॉटिश रसायनज्ञानं १९ व्या शतकात याचीच मोजायची पद्धत केली. ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण ब्युरेटमधून घालायचं, बुचाची बाटली हलवायची, फेस ५ मिनिटं टिकला की वाचन घ्यायचं. जडपणाच्या 'क्लार्क डिग्री' त्याच्याच नावाच्या. १९४० च्या दशकात श्वार्झेनबाखचं ईडीटीए आलं तेव्हा साबण मागे पडला. मॅग्नेशियम असलं की फेस मध्येच येऊन मोडतो, फसवतो, हा त्याचा दोष होताच.

जाता जाता, भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. डाईंगला मात्र २०० सुद्धा फार.

---

पूर्वभाग

बापांना सांगतो, तुम्ही सायंटिस्ट होता म्हणून. लै खूश होतील.

---

ब्युरेटवाली

मे महिना तोंडावर आहे म्हणून सोलापूरकरांसाठी एक सूचना. आपल्या प्रयोगशाळेत एसी नाही. आपल्याकडची भारतीय बनावटीची काचेची भांडी बहुधा २७ अंशाला मापलेली असतात, भांड्यावर तसं लिहिलेलं असतं. खोली ४० अंशाला गेली की पाणी सुमारे ०.४ टक्का फुगतं. काच त्या मानानं फुगतच नाही. म्हणजे सकाळी गारव्यात केलेल्या द्रावणाचं दुपारी पिपेटनं २५ मिली घेतलंत, तर त्यात आयन ०.४ टक्का कमी आला. डेमॉन्स्ट्रेटर सरांनी ०.१ टक्क्यासाठी केलेली सगळी मेहनत त्या एका पिपेटमध्ये गेली.

उपाय सोपा आहे: द्रावण मापून न घेता तोलून घ्या. ग्रॅमला तापमान कळत नाही.

---

कडकभाकरी

ताई, ४० अंश म्हणजे आमच्याकडे गारवा.

---

पूर्वभाग

अजून एक विचारतो. साबण, ईडीटीए दोन्हीत कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र येतं म्हणता. मला फक्त कॅल्शियम पाहिजे असेल तर, तेही पीपीटीनं? भावाच्या मुलाला प्रोजेक्टला घ्यायचंय, आमच्याच बोअरचं पाणी.

---

सातरस्ता

होतं की. ऑक्झलेटनं पाडा.

१०० मिली पाणी घ्या, हायड्रोक्लोरिकनं आम्ल करा, गरम करा, अमोनियम ऑक्झलेट घाला. आम्लात काही पडणार नाही. मग मिथिल रेडचे दोन थेंब आणि पातळ अमोनिया सावकाश, लाल जाऊन पिवळा येईपर्यंत. जसजसं आम्ल मरतं तसतसा कॅल्शियम ऑक्झलेट पडत जातो आणि कण मोठे येतात. आणखी निगुतीनं करायचं तर अमोनियाऐवजी युरिया घालून उकळत्याच्या जवळ ठेवा. युरिया हळूहळू फुटून अमोनिया आतच तयार होतो, ओतण्याचा प्रश्नच नाही.

गाळा, ऑक्झलेट जाईपर्यंत गार पाण्यानं थोडं थोडं धुवा. इथे वजन करायची गरज नाही. पीपीटी गरम पातळ सल्फ्युरिकमध्ये विरघळवा आणि ६०-७० अंशाला परमँगनेटनं टायट्रेट करा, फिका गुलाबी टिकला की झालं. २ परमँगनेटला ५ ऑक्झलेट, आणि जितकं ऑक्झलेट तितकाच कॅल्शियम. समजा ०.०१ मोलरचे १२.० मिली लागले. १२.० × ०.०१ × २.५ म्हणजे ०.३० मिलिमोल, १०० मिलीत. लिटरला ३.० मिलिमोल, म्हणजे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. कार्बोनेटच्या हिशेबात ३००. मग ईडीटीएचा एकूण जडपणा काढून त्यातून हे वजा केलं की उरतं ते मॅग्नेशियमचं.

---

निवृत्त डेमॉन्स्ट्रेटर

पूर्वभाग, मुलाला एक जरूर सांगा. मी वर पीपीटी मुरवा म्हटलंय ते बेरियमचं. आपल्या बोअरमध्ये मॅग्नेशियम असणारच, आणि कॅल्शियम ऑक्झलेट पडून गेल्यावर मॅग्नेशियमचं ऑक्झलेट मागाहून त्याच्यावर येऊन बसायला लागतं. जितका वेळ ठेवाल तितकं जास्त. तासाभरात गाळून मोकळं व्हायचं, रात्रभर ठेवायचं नाही. मॅग्नेशियम फारच असेल तर पीपीटी एकदा आम्लात विरघळवून परत पाडायचा, म्हणजे दुसऱ्या खेपेला ते जवळजवळ येतच नाही.

आणि परमँगनेट त्याच दिवशी सोडियम ऑक्झलेटनं स्टँडर्डाइज करून घ्यायला सांगा. बाटलीवर कुणीतरी मागच्या वर्षी लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका.